शकुंतलेची अंगठी आणि जयचं नाणं

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना भांडायचं आहे त्यांना शेवटपर्यंत ताटकळायला नको. शाळेत कथा, कादंबरी, नाटक यांचे घटक शिकवायचे असतील तर आधी सिनेमावर बोलावं, मुलांना भरपूर बोलू द्यावं आणि मग पुस्तक उघडावं. पुस्तक उघडायचं मात्र नक्की. हे शेवटचं वाक्य जो विसरेल त्याने आधीची वापरू नयेत.

विषय निघाला घरातच. माझ्या भाचीचा मुलगा यंदा दहावीला आहे. कुमारभारतीतल्या कवितांची रसग्रहणं लिहून तो मला तपासायला देतो. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये, तिन्ही मथळे जागच्या जागी. खालची वाक्यं मात्र कुठल्याशा गाईडातली. कवीने म्हणे 'अतिशय तरल शब्दांत' भावना व्यक्त केल्या आहेत. मी विचारलं, "तरल म्हणजे काय रे?" तर म्हणतो, "आजी, ते सगळ्या कवितांना चालतं!"

हसू आलं खरं, पण पुढचं वाक्य ऐकून हसू मावळलं. "अकरावीला मी मराठी घेणार नाही. मला साहित्य कळतच नाही." आणि हाच मुलगा आदल्या रविवारी 'फँड्री' पाहून माझ्याशी पाऊण तास बोलत होता! त्यातली काळी चिमणी, राष्ट्रगीत लागतं तो प्रसंग, शेवटचा तो दगड... एकेका गोष्टीवर त्याला म्हणायचं होतं. प्रतीक, उपरोध, शेवट कुठे करायचा याची जाण, सगळं त्याच्या बोलण्यात होतं. नावं तेवढी नव्हती. ज्याला हे दिसतं त्याला साहित्य कळत नाही, हे त्याला कुणी सांगितलं? कुणीच नाही. आपल्या प्रश्नपत्रिकांनी आणि गाईडांनी न सांगता पटवलं. हे मला फार लागलं, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझ्या नोकरीच्या काळात वर्गात सिनेमा दाखवायची सोय नव्हती. पण मुलांनी तो कुठे ना कुठे पाहिलेला असायचा, आधी जत्रेतल्या तंबूत आणि नंतर कुणाच्या तरी ओसरीवर व्हिडिओवर. मी फक्त त्यावर प्रश्न विचारायची. त्या जुन्या तासांमधले आणि पुढे आलेल्या सिनेमांमधले काही दाखले इथे देते.

सुरुवात 'शोले'पासून. १९७५ सालचा हा सिनेमा न पाहिलेला माणूस आपल्या गोतावळ्यात तरी नाही. काही ठरवायचं असलं की जय नाणं उडवतो. आपण हसतो आणि विसरतो. शेवटी पुलापाशी, गोळ्या संपत आलेल्या असताना, थांबायचं कुणी आणि जायचं कुणी हेसुद्धा नाणंच ठरवतं. जय थांबतो, वीरू जातो. जय गेल्यावर ते नाणं वीरूच्या हाती लागतं, तर दोन्ही बाजूंना छापच!

इथे थांबून मी मुलांना विचारायची, "हे नाणं काढून टाकलं तर काय बिघडेल?" पहिलं उत्तर ठरलेलं: काहीच नाही, बाई. आणि ते बरोबरच असायचं. जय तरीही मरतो, गब्बर तरीही हाती लागतो. घटना एकही हलत नाही. मग एखादी मागच्या बाकावरची मुलगी म्हणायची, "पण बाई, जयने मुद्दाम मरण घेतलं ते वीरूला कळलंच नसतं." झालं! घटनांची यादी वेगळी आणि कथानक वेगळं, हे त्या मुलीने आम्हा सगळ्यांना शिकवलं. शिवाय मागे जितक्या वेळा नाणं उडालं तितक्या वेळा निर्णय नशिबाचा होता की जयचा, हा प्रश्न आता पडतो आणि सगळा सिनेमा नव्याने आठवावा लागतो. व्याख्या पाठ करून हे कधीच झालं नसतं.

मग त्याच तासाला मी शकुंतलेकडे वळायची. कालिदासाच्या नाटकाच्या नावातच 'अभिज्ञान' आहे, म्हणजे ओळख पटणं, ओळख पटवणारी खूण. दुष्यंताने दिलेली अंगठी पाण्यात पडते, राजाला शकुंतला आठवत नाही, पुढे माशाच्या पोटात अंगठी सापडते आणि त्याला सगळं आठवतं. पण तोवर ती निघून गेलेली असते. नाणं काय आणि अंगठी काय, एक लहानशी वस्तू बराच वेळ गप्प पडून राहते आणि वेळ आली की सगळ्या गोष्टीचा अर्थ फिरवते. तंबूत शिट्ट्या मारणाऱ्या पोरांना कालिदास परका राहत नाही, तो असा.

पण दोन्हींत एक फरक आहे. नाण्याचं गुपित वीरूला ठाऊक नाही आणि आपल्यालाही नाही. अंगठीचं तसं नाही. दुर्वासांचा शाप आपण ऐकलेला असतो. राजाला आणि शकुंतलेला मात्र त्याचा पत्ता नसतो. म्हणजे एकीकडे लेखक आपल्यापासून लपवतो आणि दुसरीकडे आपल्याला विश्वासात घेऊन पात्रांपासून लपवतो. पहिल्यात धक्का आहे, दुसऱ्यात जीव टांगणीला लागतो. लेखक कुणाला काय आणि कधी कळू देतो, यावर अर्धं साहित्य उभं आहे, असं मला वाटतं.

या दुसऱ्या प्रकारासाठी 'पिंजरा'सारखा दाखला नाही. व्ही. शांतारामांचा १९७२चा सिनेमा. मूळ धागा जर्मनीतला, हाइनरिश मान यांची १९०५ची कादंबरी आणि तिच्यावरचा १९३०चा 'द ब्लू एंजल'. पण आपल्याकडे तो तमाशाच्या फडात असा मुरला की परका वाटूच नये. आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादाने गाव सोडतात. गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला. गाव त्यांचा पुतळा उभारतं. आणि शेवटी खुद्द गुरुजींनाच गुरुजींच्या खुनाबद्दल शिक्षा होते! पुतळ्याला हार पडत असताना जिवंत माणूस फडावर राबत असतो, हे आपल्याला ठाऊक आहे, हार घालणाऱ्यांना नाही. 'उपरोध म्हणजे बोचरं बोलणे' असं उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्या मुलांना इथे कळतं की उपरोध बोलण्यात नसूनही परिस्थितीत असू शकतो. कुणीही काहीही टोचून बोलत नाही आणि तरी आपल्याला टोचतं.

'फँड्री'तलं राष्ट्रगीत तसंच. जब्याचं घर गावातली डुकरं पकडायला निघालंय, डुक्कर अगदी टप्प्यात आलंय आणि शेजारच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू होतं. जब्या जागच्या जागी उभा राहतो, मग घरचेही थांबतात. डुक्कर मात्र कुणासाठी थांबत नाही. एक शब्दही न बोलता नागराज मंजुळे यांनी केवढं मोठं वाक्य लिहून ठेवलंय!

आता प्रतीक. इथे गाईडांशी माझं जुनं वैर आहे. 'काळी चिमणी हे कशाचे प्रतीक आहे?' असा प्रश्न आणि त्याला एका ओळीचं उत्तर, जणू गणितातलं समीकरण. अहो, काळी चिमणी आधी चिमणी आहे! तिची राख अंगावर टाकली की शालू आपली होईल, असं जब्याला वाटतं, म्हणून तो गलोल घेऊन तिच्यामागे रानोमाळ फिरतो. ती उडते, दिसते, निसटते. आपणही तिच्या मागे फिरतो आणि फिरता फिरता कधीतरी जाणवतं की या पोराला नुसती चिमणी नको आहे. जे त्याच्या वाट्याला येऊ दिलं जात नाही ते सगळं त्या एवढ्याशा पाखरात आहे. प्रतीक असं हळूहळू भरत जातं. उत्तर आधी सांगितलं की चिमणी मेलीच म्हणून समजा.

रसाचंही तसंच. माझं बी.ए. मराठीतून झालं. विभाव, अनुभाव, व्यभिचारी भाव हे घोकताना तोंडाला फेस आला होता. व्यभिचारी भाव तेहेतीस, एवढं मात्र अजून पाठ आहे! पुढे २००४ साली 'श्वास' आला. संदीप सावंत यांचा सिनेमा, माधवी घारपुरे यांच्या कथेवरचा. कोकणातले आजोबा नातवाला डोळे दाखवायला शहरात आणतात आणि कळतं की कर्करोग आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार. त्यांच्या हाती एकच गोष्ट उरते, ऑपरेशनच्या आधी त्या पोराला जग दाखवून आणणं. ते त्याला कुणाला न सांगता दवाखान्यातून बाहेर घेऊन जातात.

आता बघा. शोक हा स्थायीभाव. ज्याच्यामुळे तो जागा होतो तो नातू, म्हणजे आलंबन विभाव. रस्त्यावरची रंगीबेरंगी गर्दी तो शोक आणखी पेटवते, ते उद्दीपन. एरवी रंग पाहून आनंद व्हावा, इथे प्रत्येक रंग काळजाला चरे पाडतो. आजोबांचा भरून आलेला गळा हे अनुभाव. आणि मधूनच येणारी चीड, शंका, काळजी, क्षणभराची आशा हे येऊन जाणारे भाव. दोन हजार वर्षांची परंपरा असलेलं नाट्यशास्त्र आणि अरुण नलावडे यांचा चेहरा यांच्यात काडीचंही अंतर उरत नाही. शिवाय या सिनेमात खलनायक नाही. डॉक्टर चांगले, मदतनीस चांगली, आजोबा तर देवमाणूस. तरीही संघर्ष शिगेला पोचतो. 'संघर्ष म्हणजे नायक आणि खलनायक यांच्यातील झगडा' ही व्याख्या इथे आपोआप गळून पडते.

वातावरणनिर्मितीसाठी मी 'किल्ला' सुचवेन. अविनाश अरुण यांचा, २०१५ साली आपल्याकडे लागला. वडील गेलेले, आईची बदली झालेली, पुण्याचा मुलगा कोकणात येऊन पडलेला. पाऊस, समुद्र, ओलसर भिंती. मुलांना विचारा, "ही गोष्ट भर उन्हाळ्यात सोलापूरला घडवली तर?" घडेल की. बदल्या तिकडेही होतात. पण मित्र आपल्याला किल्ल्यात टाकून गेले आणि वर धो धो पाऊस, ही भीती तिथे कुठून आणणार? पाऊस नुसता मागे लावलेला पडदा नाही, त्या मुलाच्या मनातलं तो बाहेर पडून दाखवतोय.

आणि निवेदक? हा सगळ्यात अवघड घटक. त्यासाठी चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट'. एका लोकशाहिरावर खटला चालू आहे. कॅमेरा दूर उभा, बहुतेक वेळ हलतसुद्धा नाही. कुणाचा चेहरा जवळून दाखवून 'रडा आता' असं सांगत नाही. मुलं म्हणतात, इथे निवेदक तटस्थ आहे. मी म्हणते, थांबा. सरकारी वकीलबाई घरी जाऊन स्वयंपाक करतात ते त्याने दाखवलं. आरोपीचा वकील खरेदीला कुठे जातो ते दाखवलं. न्यायाधीशांची सुट्टीही दाखवली. कुणी सांगितलं होतं दाखवायला? काय दाखवायचं हे निवडलं तिथेच त्याचं मत झालं. तटस्थ निवेदकही गप्प राहून बरंच बोलतो. हे एकदा कळलं की कथेतला 'तो' आणि 'मी' यांतला फरक व्याकरणापुरता राहत नाही.

इथवर वाचून आमच्या घरच्या गटावर कुणीतरी म्हणेलच, "मग पुस्तक हवंय कशाला? सिनेमातच सगळं आहे की!" तर आता माझ्या मताचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो.

सिनेमाला 'नाही' म्हणता येत नाही. "त्या दिवाळीला भाऊ आला नाही." केवढंसं वाक्य! हे पडद्यावर दाखवायचं तर दार दाखवा, रांगोळी दाखवा, बहिणीचे डोळे दाखवा, गार झालेलं ताट दाखवा. तरीही ती वाट पाहते आहे एवढंच दिसेल. न येणं दिसत नाही. भाषेला ते दोन शब्दांत साधतं.

सिनेमाला 'असे' म्हणता येत नाही. "आई पहाटे उठून जात्यावर बसत असे." व्याकरणात याला आपण रीती भूतकाळ म्हणतो आणि दोन गुणांना विचारून मोकळे होतो. पण त्या एका 'असे'मध्ये किती पहाटा आहेत! पडद्यावर एक पहाट दिसेल, फार तर तीन. हजारो पहाटा एका शब्दात बांधून ठेवायची किमया भाषेचीच.

आणि आठवणीचा सूर. साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. त्यात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, बेचाळीस. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईच्या आठवणी सांगतो. त्यामुळे लहान श्याम हट्ट करत असतानाही त्यावर मोठ्या श्यामचा ओला आवाज पसरलेला असतो. जो सांगतोय त्याला पुढचं सगळं ठाऊक आहे, आई राहणार नाही हेही. आचार्य अत्र्यांचा १९५३चा सिनेमा थोर आहे, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक त्याला मिळालं, वनमालाबाईंची आई डोळ्यांपुढून हलत नाही. पण पडद्यावरचा लहान श्याम आपल्यासमोर आत्ता, या क्षणी रडतो. पुस्तकातला श्याम रडला होता. 'रडतो' आणि 'रडला होता' यांत जे अंतर आहे तेवढ्या अंतरात ते पुस्तक राहतं.

म्हणून माझा एक हट्ट आहे. जो धडा शिकवायचा त्याच्यावरचा सिनेमा आधी दाखवू नये. दुसराच दाखवावा. धड्यावरचाच सिनेमा आधी पाहिला की पात्रांना चेहरे मिळून जातात आणि मुलांच्या मनात काही उभं राहायला जागाच उरत नाही. उलट 'शोले'तल्या नाण्यावर बोलून 'शाकुंतल' उघडलं तर डोळा तयार झालेला असतो आणि मन मोकळं असतं.

'मुलं आधीच दिवसभर मोबाईलमध्ये असतात, त्यांना आणखी सिनेमे कशाला?' हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो पाहण्यावरचा आक्षेप आहे, थांबण्यावरचा नव्हे. मी अडीच तास दाखवा म्हणतच नाही. पस्तीस मिनिटांचा तास असतो. पाच मिनिटांचा प्रसंग दाखवा, पंधरा मिनिटं बोला, उरलेल्या वेळात धड्यातला एक परिच्छेद मोठ्याने वाचा. मुलं पाहतात खूप, त्यांना थांबवून विचारणारं कुणी नसतं. ते काम आपलं.

विचारायचं काय, तर तीनच प्रश्न. हे काढून टाकलं तर काय जाईल? हे कुणाला ठाऊक आहे आणि कुणाला नाही? आणि पुस्तकाशी आल्यावर तिसरा: हे लेखकाने शब्दांनी केलंय ते कॅमेऱ्याला जमलं असतं का? तिसऱ्या प्रश्नाशी पोचलेला मुलगा पुस्तकाला कंटाळत नाही, असा माझा तरी अनुभव आहे. व्याख्या मग शेवटी सांगाव्यात. ओळख झालेल्या माणसाचं नाव विचारावं तशा. नाव आधी पाठ करून माणूस नंतर भेटवायचा, हा उलटा कारभार आपण पुष्कळ वर्षं केला.

हे फक्त शिक्षकांसाठी नाही बरं का. घरोघरी रात्री जेवताना काहीतरी लावलेलं असतंच. जाहिरात लागली की यातला एखादा प्रश्न सहज टाकून बघा. उत्तर चुकलं तरी चालेल, गुण द्यायचे नाहीत. आणि पोरगं बोलायला लागलं की त्याला मध्येच सांगा, "तू आत्ता जे बोललास ना, त्यालाच रसग्रहण म्हणतात." मराठी सोडून द्यायच्या आधी एवढं तरी प्रत्येक मुलाच्या कानावर पडायला हवं.